‘जुळले’ म्हणजे नेमके काय? इस्पितळातील बुरशीसंसर्ग आणि डीएनए टायपिंगची निवड

आपला प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातील एका खासगी इस्पितळात सहा आठवड्यांत सहा रुग्णांच्या रक्तात कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी वाढली. त्यांपैकी चार नवजात अतिदक्षता विभागातील बाळे आहेत आणि दोन मोठ्यांच्या आयसीयूतील रुग्ण. यंत्राने बाळांच्या चारही कल्चरची, म्हणजे रक्तातून वाढवलेल्या बुरशीची, ओळख कँडिडाची ‘पॅराप्सिलोसिस’ ही प्रजाती अशी दिली. मोठ्यांपैकी एकाची ‘ट्रॉपिकॅलिस’ आणि दुसऱ्याची ‘हेम्युलोनाय’. डीएनए टायपिंगच्या, म्हणजे डीएनएवरून एकाच प्रजातीतील वाण ताडण्याच्या, पद्धतींपैकी आरएपीडी आपल्याच प्रयोगशाळेत होऊ शकते, एमएलएसटी बाहेर पाठवून करता येईल, आणि संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए) वाचण्याचा खर्च व्यवस्थापनाच्या गळी उतरवावा लागेल. यांतली सर्वांत चांगली पद्धत कोणती, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरचे व एसीच्या जाळीवरचे नमुनेही सोबत पाठवावेत का, असे आपण विचारले आहे. अगदी शेवटी, जाता जाता, आपण लिहिले आहे की ‘हे कोणामुळे झाले ते व्यवस्थापनाला हवे आहे’.

उत्तराची सुरुवात मी त्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण पद्धतीची निवड त्याच्यावर अवलंबून आहे. दोन कल्चर एकमेकांपासून वेगळी आहेत, हे टायपिंग बऱ्याच खात्रीने सांगू शकते. ती ‘एकच’ आहेत, हे मात्र कोणतीही पद्धत तितक्या खात्रीने सांगत नाही. आपण वापरलेल्या मोजपट्टीने ती वेगळी करता आली नाहीत, एवढेच ती सांगते. मोजपट्टी ढोबळ असेल तर गावातली निम्मी कँडिडा ‘एकच’ दिसेल. म्हणून कोणती पद्धत चांगली, याआधी विचारायचा प्रश्न असा: या प्रजातीची, या भागातली, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली कल्चर त्या पद्धतीने वेगवेगळी दिसतात का? ते ठाऊक नसेल, तर ‘जुळले’ या शब्दाला वजन नाही.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेले बरेच काही आहे आणि ते आधीच कबूल करतो. आपल्याकडे ती सहाही कल्चर जपून ठेवलेली आहेत की नाही, उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आहे की नाही, निकाल किती दिवसांत हवा आहे, बाळे अजून विभागात आहेत की घरी गेली, हे मला माहीत नाही. त्यामुळे ‘अमुकच करा’ असे न सांगता, मी आपल्या जागी असतो तर कोणत्या क्रमाने आणि का गेलो असतो, ते लिहितो. मी वीस-बावीस वर्षे इस्पितळाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम केले. संशोधनसंस्थेतला माणूस मी नव्हे. माझी मते त्या टेबलावर बनलेली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे प्रजातीची अचूक ओळख हीच पहिली आणि जवळजवळ फुकटची टायपिंग आहे. ट्रॉपिकॅलिसचा रुग्ण बाळांच्या साखळीतून तेथल्या तेथे बाहेर पडतो. त्यासाठी एकही पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याची चाचणी) करावी लागत नाही. एका रुग्णावरून उद्रेक ठरत नाही, आणि भारतात ट्रॉपिकॅलिस मुळातच इतकी सर्रास आढळते की २७ आयसीयूंच्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात रक्तातील कँडिडापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक तीच होती. तो रुग्ण तूर्त बाजूला ठेवा, पण त्याचे कल्चर फेकू नका. पुढे ते का लागते ते सांगतो.

‘हेम्युलोनाय’ या शब्दाने मात्र माझे कान टवकारले. जुन्या डेटाबेसवर चालणारी यंत्रे इस्पितळात सहज पसरणाऱ्या कँडिडा ऑरिसला हेच नाव देत आली आहेत. ऑरिसचे वर्णन २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या कल्चरवरून झाले, आणि भारतातून तिची पहिली ठळक नोंद २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णांवरून प्रसिद्ध झाली. त्या कल्चरनाही यंत्राने आधी हेम्युलोनाय ठरवले होते. आपल्या टेबलावर आजच करता येण्यासारखी चाचणी म्हणजे ते कल्चर ४२ अंशांवर वाढते का ते पाहणे. ऑरिस सहसा वाढते, हेम्युलोनाय वाढत नाही. त्यावर थांबू नका; अद्ययावत संग्रह असलेल्या माल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून प्रजाती ओळखणाऱ्या यंत्रावर) किंवा डीएनएच्या आयटीएस या भागाच्या सीक्वेन्सिंगने, म्हणजे त्यातील अक्षरक्रम वाचून, नाव पक्के करून घ्या. येथे एक गोंधळ नेहमी होतो तोही सांगून ठेवतो: आयटीएसचा क्रम जुळला म्हणजे प्रजाती जुळली, वाण नव्हे. ‘दोन्ही रुग्णांचे आयटीएस शंभर टक्के सारखे, म्हणून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला’ असे वाक्य असलेले अहवाल मी पाहिले आहेत. दोघांचे आडनाव नाईक आहे म्हणून ते सख्खे भाऊ ठरवावेत, असा तो प्रकार आहे.

ते ऑरिस निघाले, तर टायपिंगची वाट पाहू नका. तो एकच रुग्ण असला तरी त्याला वेगळे ठेवणे, त्याच्या शेजारच्या खाटांवरील रुग्णांच्या काखेतील व जांघेतील स्वॅब घेणे, आणि पृष्ठभागांसाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरणे हे त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे, कारण रोजच्या फिनाइलवजा क्वाटर्नरी अमोनियमच्या द्रावणांना ही बुरशी नीट दाद देत नाही. रुग्ण बरा झाला तरी ती कातडीवर महिनोन्‌महिने राहू शकते. रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी कोठे दाखल होता, हे विचारून घ्या. गोवा लहान आहे. म्हापसा, बांबोळी, मडगाव आणि मधली खासगी इस्पितळे यांच्यात रुग्ण फिरत असतात, काही जण बेळगाव-कोल्हापूरला जाऊन परत येतात. डीएनएचा निकाल काहीही आला तरी तो वाचण्यासाठी हा प्रवास माहीत असावा लागतो.

आता बाळांच्या चार कल्चरकडे वळू, कारण आपली खरी साखळी असली तर ती येथे आहे. पॅराप्सिलोसिस ही हातांवरून आणि कॅथेटरवरून जाणारी प्रजाती आहे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणद्रावणात ती छान वाढते, प्लास्टिकवर थर धरते आणि नवजात विभागांत वारंवार दिसते. येथेही आधी नाव तपासा: २००५ पासून या गटातून ऑर्थोप्सिलोसिस आणि मेटाप्सिलोसिस या दोन प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या आहेत आणि जैवरासायनिक चाचण्यांवर चालणारी यंत्रे तिघांनाही एकच नाव देतात. माल्डी-टॉफ हा फरक दाखवते. चारांपैकी एखादे ऑर्थोप्सिलोसिस निघाले तर साखळी तीनांवर येते, तेही एक पैसा टायपिंगवर न घालवता.

यानंतर आरएपीडी. तिच्याविषयी मी जरा लांबण लावणार आहे, कारण ती आपल्या हाताशी आहे आणि हाताशी असलेल्या गोष्टीचा मोह मोठा असतो. आरएपीडीत साधारण दहा अक्षरांचा एकच लहान प्राइमर (जेथून डीएनएची प्रत काढायला सुरुवात होते तो तुकडा) कमी तापमानाला डीएनएवर जेथे जमेल तेथे बसू दिला जातो आणि जे तुकडे तयार होतील त्यांचे पट्टे जेलवर पाहिले जातात. जनुकक्रम आधी माहीत असण्याची गरज नाही, खर्च कमी, निकाल दोन दिवसांत. पण प्राइमर सैलपणे बसत असल्यामुळे डीएनएचे प्रमाण, मॅग्नेशियम, प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एंझाइमची बॅच, यंत्राचा तापमान बदलण्याचा वेग, यांतले काहीही हलले की पट्टे हलतात. एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून, एकाच जेलवर शेजारी-शेजारी चालवलेली कल्चर तिच्याने ताडता येतात. सोमवारचे जेल गुरुवारच्या जेलशी ताडता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. पूर्वी मी ज्या इस्पितळात होतो तेथे तीन बाळांच्या रक्तात पॅराप्सिलोसिस आली होती. आम्ही विभागातील सर्वांच्या हातांचे नमुने घेतले, आणि एका सिस्टरच्या हातावरील कल्चरचा आरएपीडी नमुना बाळांच्या नमुन्याशी ‘जुळला’. बाळांची जेल आधीच्या आठवड्यातली होती, हाताची नंतरची, आणि मध्ये पॉलिमरेजची नवी बाटली उघडली होती. मी तोंडी का होईना, ‘जुळते आहे’ असे म्हणालो. दुसऱ्या दिवशी सिस्टरची बदली बाह्यरुग्ण विभागात झाली आणि का झाली ते सगळ्या मजल्याला कळले. काही महिन्यांनी तीच कल्चर बाहेर मायक्रोसॅटेलाइट या अधिक बारीक टायपिंगसाठी पाठवली, तेव्हा त्यांचे कल्चर बाळांपेक्षा स्पष्टपणे वेगळे निघाले. शिवाय तीन बाळांपैकी दोनच एकमेकांशी जुळत होती. मी त्यांना भेटून सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे तेव्हा सगळ्यांसमोर झालं होतं.’ तेव्हापासून टायपिंगचा निकाल लेखी झाल्याशिवाय मी कोणाशीही बोललेलो नाही, आणि हातांचे नमुने शक्यतो नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने घेतले आहेत.

शिवाय पॅराप्सिलोसिस हातांवर इतकी सर्रास असते की बारा जणांच्या हातांचे नमुने घेतले तर दोघा-तिघांच्या हातावर ती सापडण्यात काहीच नवल नाही. आणि हातावरील कल्चर खरोखर जुळले, तरी हातावरून बाळाकडे गेले की बाळाकडून हातावर आले, याची दिशा डीएनए सहसा सांगत नाही. ‘कोणामुळे’ या प्रश्नाला त्यामुळे प्रयोगशाळेतून उत्तर देता येत नाही. ‘कोणत्या कृतीमुळे’ या प्रश्नाला कधी कधी देता येते.

एमएलएसटी ही पद्धत नेमकी उलट स्वभावाची आहे. ठरावीक सहा-सात जनुकांचे तुकडे वाचायचे, प्रत्येक क्रमाला क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकांच्या मालिकेला एक प्रकार म्हणायचे. अक्षरेच वाचलेली असल्यामुळे आज मडगावात आलेला निकाल दहा वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या निकालाशी ताडता येतो. आरएपीडीला जे कधीच जमले नाही ते हे. कँडिडा अल्बिकन्ससाठी सात जनुकांची आणि ट्रॉपिकॅलिससाठी सहा जनुकांची योजना आहे आणि त्या दोन्हींसाठी ती उपयोगी पडते. पण जी जनुके पेशीला जगण्यासाठी लागतात ती सावकाश बदलतात. पॅराप्सिलोसिसमध्ये या जनुकांत वैविध्यच फार कमी आहे. जगाच्या दोन टोकांची कल्चरही सारखी दिसू शकतात. ऑरिसमध्ये एका क्लेडच्या (मोठ्या वंशशाखेच्या) आत तीच अडचण आहे: भारतात प्रामुख्याने पहिला, म्हणजे दक्षिण आशियाई क्लेड आढळतो, आणि त्यातील कल्चर एमएलएसटीवर एकसारखी येतात. म्हणजे आपल्याकडील ज्या दोन प्रजातींबद्दल प्रश्न आहे, नेमक्या त्यांनाच ही पद्धत बाद आहे. बाहेरची प्रयोगशाळा ती करून देईल, बिलही देईल आणि ‘चारही समान’ असा अहवालही देईल. त्या अहवालाने आपल्याला काहीही नवे कळलेले नसेल, आणि व्यवस्थापनाला मात्र सर्व कळल्यासारखे वाटेल.

अल्बिकन्सबाबतही सावधगिरी लागते, जरी आपल्या सहांत ती नाही. तिचा बहुतेक संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येतो, आणि काही प्रकार जगभर इतके सामान्य आहेत की दोन अनोळखी माणसांत ते योगायोगानेही सारखे निघतात. समजा एखादा प्रकार आपल्या भागातील दहापैकी तीन कल्चरमध्ये असतो. दोन रुग्णांपैकी पहिल्यात तो निघाला, तर दुसऱ्यातही निव्वळ योगायोगाने निघण्याची शक्यता दहात तीन आहे. यावरून उद्रेक जाहीर करता येत नाही. चार रुग्णांत सलग तोच निघाला तर योगायोगाची शक्यता शंभरात तीनच्याही खाली येते आणि मग गोष्ट वेगळी. पण हा हिशेब करण्यासाठी ‘दहापैकी तीन’ हा आकडा कोठून तरी यावा लागतो, आणि तो फक्त आपल्याच भागातील असंबंधित कल्चरवरून येतो.

येथेच ते फेकू नका म्हटलेले कल्चर कामाला येते. मला विचाराल तर पद्धतीवर खर्च करण्याआधी तुलनेच्या कल्चरवर खर्च करा. गेल्या दोन-तीन वर्षांतील, वेगवेगळ्या विभागांतील, एकमेकांशी संबंध नसलेल्या रुग्णांची त्याच प्रजातीची दहा-पंधरा कल्चर, शक्य असल्यास राज्यातील दुसऱ्या इस्पितळांतूनही मागवून, त्याच फेरीत आणि सांकेतिक क्रमांकाखाली तपासली गेली पाहिजेत. पद्धतीची वेगळे करण्याची ताकद मोजण्यासाठी सिम्प्सनचा निर्देशांक वापरतात. १९८८ मध्ये हंटर आणि गॅस्टन यांनी तो सूक्ष्मजीवांच्या टायपिंगसाठी मांडला. त्याचा अर्थ सोपा आहे: असंबंधित कल्चरमधून कोणतीही दोन उचलली तर ती वेगळी दिसण्याची शक्यता किती. वीस असंबंधित कल्चर वीस प्रकारची निघाली तर निर्देशांक १. त्यांपैकी दहा एकाच प्रकारची आणि उरलेली दहा वेगवेगळी निघाली तर तो ०.७६ होतो, आणि ०.७६ च्या पद्धतीवर मी कोणाचीही बदली होऊ देणार नाही. साधारण ०.९५ च्या वर असेल तरच जुळण्याला अर्थ आहे, असे धरून चालतात.

आपल्या चार बाळांसाठी माझी पसंती मायक्रोसॅटेलाइटला आहे. जीनोममध्ये दोन, तीन किंवा चार अक्षरांचा एकच गट पुन:पुन्हा आलेल्या जागा असतात; पेशी विभागताना तेथे डीएनएची नक्कल करणारे एंझाइम घसरते आणि पुनरावृत्तींची संख्या बदलते. म्हणून या जागा जनुकांपेक्षा खूप वेगाने बदलतात आणि जवळच्या नात्यातली कल्चरही वेगळी करू शकतात. रंगीत प्राइमर वापरून पीसीआर करायची आणि तुकड्यांची लांबी कॅपिलरी यंत्रावर मोजायची. पॅराप्सिलोसिससाठी अशा जागांचे, म्हणजे मार्करांचे, संच आहेत, ऑरिससाठी २०२० मध्ये बारा मार्करांचा संच प्रसिद्ध झाला, आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससाठी २००५ पासून नऊ मार्करांचा संच चांगला रुळलेला आहे. आणखी एक फायदा असा की ऑरिससारख्या एकाच गुणसूत्रसंचाच्या बुरशीत एका जागी दोन शिखरे दिसली तर कल्चर मिश्र असल्याची शंका तेथेच येते. पॅराप्सिलोसिस द्विगुणित (दोन गुणसूत्रसंचांची) असल्याने तिच्यात दोन शिखरे स्वाभाविकही असू शकतात.

मायक्रोसॅटेलाइट पद्धतीचेही दोष आहेत. लांबी मोजणारे यंत्र बदलले की आकडा एक-दोन अक्षरांनी सरकतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे निकाल तुलना करायचे असतील तर दोघांनीही तेच संदर्भकल्चर चालवलेले असावे लागते. आणि एका मार्करवर एका पुनरावृत्तीचा फरक दिसला तर ते ‘वेगळे’ म्हणायचे की ‘त्याच वाणाचा ताजा बदल’, या निर्णयासाठी कागदावर लिहून ठेवलेला नियम नाही. मी त्याच रुग्णाची दोन-तीन कल्चर एकत्र चालवून पाहतो. एकाच बाळाच्या आतच तेवढा फरक दिसत असेल, तर दोन बाळांमधल्या तेवढ्या फरकाला मी वेगळेपणा मानत नाही.

पीएफजीई आणि एएफएलपी या टायपिंग पद्धतींची नावे आपल्याला जुन्या लेखांत दिसतील. आज नव्याने उभारण्यासारख्या त्या नाहीत. जेल चालवण्यातच दिवस जातात, आणि ग्लॅब्राटासारख्या बुरशीत गुणसूत्रांची रचना आपणहून बदलत राहते.

संपूर्ण जीनोमविषयी आपल्याला वाटते तेवढा संकोच नको आणि तेवढा भरवसाही नको. ऑरिस असेल तर मी तोच पर्याय सुचवतो. ऑरिसचा जीनोम सुमारे सव्वा कोटी अक्षरांचा, म्हणजे बुरशीत लहानच. क्लेडांमध्ये हजारो-लाखो अक्षरांचे फरक असले तरी एका उद्रेकाच्या आत फरक मोजकेच असतात आणि ते सगळा जीनोम वाचल्याशिवाय दिसत नाहीत. ही पद्धत सर्वांत सुंदर चालते ती एकाच दूषित औषधाच्या उद्रेकात. २०१२ मध्ये अमेरिकेत स्टेरॉइडच्या दूषित इंजेक्शनांमुळे एक्सेरोहिलम बुरशीचा मेंदूज्वर पसरला. तपासलेल्या २८ कल्चरपैकी कोणत्याही दोहोंत दोनपेक्षा अधिक अक्षरांचा फरक नव्हता. चिली आणि कोलंबियातील सारोक्लेडियम बुरशीच्या उद्रेकात रुग्ण आणि उलटीवरील इंजेक्शनच्या कुप्या यांच्यातील फरक पाचांहून कमी होता, आणि असंबंधित कल्चर वीस हजारांहून अधिक अक्षरांनी दूर होती. ही दुसरी संख्या नसती तर पहिलीला काय अर्थ राहिला असता, याचा विचार करा. येथेही निकाल असंबंधित कल्चरनीच दिला आहे.

पण आयसीयूतील ऑरिस कुपीतून एकदाच बाहेर पडलेली नसते. ती कातडीवर महिने काढते, त्या काळात बदलते, एकाच रुग्णाच्या काखेत आणि लघवीत किंचित वेगळी असू शकते. म्हणून ‘इतक्या फरकांच्या आत म्हणजे संसर्ग झाला’ अशी एक रेघ मी कोणाच्या लेखातून उचलून वापरत नाही. फरकांची संख्या संदर्भजीनोम (ताडण्यासाठी आधार धरलेला जीनोम) कोणता घेतला, पुनरावृत्तीचे भाग वगळले की नाही आणि गाळण्या किती कडक लावल्या यावरही बदलते. तोच डेटा दोन विश्लेषकांकडून दोन आकडे देऊ शकतो. बाहेर पाठवताना कच्चा डेटा मागून घ्या आणि तो जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवा रुग्ण आला तर सगळे एकाच पद्धतीने पुन्हा ताडता येईल. मायक्रोसॅटेलाइटपेक्षा जीनोमचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच आहे.

ऑक्सफर्डमधील एका न्यूरो-आयसीयूत ऑरिसने सत्तर रुग्ण गाठले होते आणि त्याचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काखेत लावायचे, पुन:पुन्हा वापरले जाणारे तापमापक हे तेथील वाहक ठरले. ते कसे सापडले हे आपल्या व्यवस्थापनाला जरूर वाचायला द्या. कोणाला तापमापक लावला होता आणि कोणाला नव्हता, याचा आधी कागदोपत्री हिशेब झाला. जीनोमने नंतर सांगितले की रुग्ण आणि उपकरणे यांवरची कल्चर एकाच गटातली आहेत. नुसत्या जीनोमने तापमापकाकडे बोट दाखवले नसते. आपल्याकडे चार बाळांच्या कागदांवरून दिवसवार तक्ता करा: कोणत्या खाटेवर होते, कोणाची सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) कधी घातली, पोषणद्रावण कोणी, कोठे आणि कोणत्या बॅचमधून मिसळले, कोणते उपकरण एका बाळाकडून दुसऱ्याकडे गेले. मोठ्या कागदावर पेन्सिलने केला तरी चालतो. माझा अनुभव असा की या तक्त्यातच तीन-चतुर्थांश उत्तर असते, आणि टायपिंगला कोणता प्रश्न विचारायचा हे तो सांगतो.

आता भिंती आणि एसी. आपल्याकडे जूनपासून कपाटातल्या चामडी चपलांवरसुद्धा बुरशी उगवते, त्यामुळे इस्पितळात बुरशीचा संसर्ग झाला की सगळ्यांचे डोळे ओल्या भिंतीकडे जातात. भिंतीवर असते ती बहुतेक अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम यांसारखी हवेतून पसरणारी तंतुबुरशी. आपल्या बाळांच्या रक्तात आहे ती यीस्ट, हातांवरून आणि नळ्यांवरून जाणारी. भिंतीचे नमुने पाठवू नका. भिंत मात्र दुरुस्त करा, तिचे कारण वेगळे आहे. नमुने घ्यायचेच असतील तर सिंक, लाईन जोडण्याच्या जागा, पोषणद्रावण मिसळण्याचे टेबल, इन्क्युबेटरची दारे, तपासणीची सामायिक उपकरणे आणि हात यांवरून घ्या, आणि तेही तक्त्याने दिशा दाखवल्यावर.

अ‍ॅस्परजिलसचा रुग्ण असता तर उत्तर बदलले असते, आणि नियमही. तेथे आपण प्रत्येक श्वासाबरोबर निरनिराळ्या वाणांचे बीजाणू आत घेतो. एका रुग्णाच्या फुप्फुसातही अनेक प्रकार निघू शकतात, हवेच्या प्लेटवर तर प्रत्येक वसाहत वेगळी. त्यामुळे ‘बांधकामाच्या धुळीतील कल्चर रुग्णाशी जुळले नाही’ यावरून बांधकाम निर्दोष ठरत नाही. आपण दहा वसाहती तपासल्या आणि हवेत हजार प्रकार होते. वेगळेपणाचा निकाल भक्कम असतो हे मी वर म्हटले, ते यीस्टच्या बाबतीत. म्यूकरमायकोसिसचेही तसेच. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत आपण जे पाहिले त्याची मुळे प्रामुख्याने मधुमेहात आणि स्टेरॉइडच्या वापरात होती, एका खोलीतल्या एका बुरशीत नव्हे.

व्यावहारिक बाबींपैकी एकच मी आग्रहाने सांगतो. प्रत्येक रक्तकल्चरच्या पहिल्या प्लेटवरून एकच वसाहत उचलून पुढे नेऊ नका. प्रजातीनुसार वेगळा रंग देणाऱ्या क्रोमोजेनिक माध्यमावर पसरवून रंग पाहा, चार-पाच वसाहती एकत्र ग्लिसरॉलमध्ये आणि एक-दोन स्वतंत्र कुप्यांमध्ये गोठवा, आणि दोन संच दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. जुलैत वीज जाते तेव्हा जनरेटरच्या यादीत फ्रीजरचे नाव शेवटी असते. बाहेर पाठवायचे तर चवथीच्या आठवड्यात कुरियरकडे देऊ नका; कुपी कोठे तरी गोदामात पडून राहील आणि पलीकडे पोहोचेल तेव्हा तिच्यात जिवाणू वाढलेले असतील. दुर्मीळ किंवा महत्त्वाचे कल्चर कायमचे जपण्यासाठी चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, हेही लक्षात असू द्या.

थोडक्यात माझा क्रम असा राहील. या आठवड्यात प्रजातींची नावे पक्की करणे, विशेषतः ‘हेम्युलोनाय’चे, आणि हात व लाईन यांची शिस्त निकालाची वाट न पाहता कडक करणे. त्याच आठवड्यात बाळांचा तक्ता. मग बाळांची चारही कल्चर, एकाच बाळाची दोन तरी, आणि दहा-पंधरा असंबंधित पॅराप्सिलोसिस एकाच फेरीत मायक्रोसॅटेलाइटला. मोठ्या रुग्णाचे कल्चर ऑरिस ठरले आणि शेजाऱ्यांच्या स्वॅबमध्ये आणखी कोणी सापडले, तरच ती सर्व कल्चर जीनोमला. एकट्या कल्चरच्या जीनोमवर खर्च करून आज आपल्याला ताडायला काहीच नसेल. आरएपीडी करायचीच असेल तर एका जेलवर, चाळणी म्हणून, आणि त्यावरून फक्त वगळण्याचे निर्णय घेण्यासाठी.

राहिले व्यवस्थापन. त्यांना अहवाल देताना मी ‘एकच वाण आढळला’ असे लिहीत नाही. मी लिहितो: ‘बाळ क्रमांक एक, दोन आणि चार यांची कल्चर या मार्करांवर एकमेकांपासून वेगळी करता आली नाहीत, याच इस्पितळातील असंबंधित पंधरा कल्चरपैकी एकही त्यांच्यासारखे नव्हते, बाळ क्रमांक तीनचे कल्चर वेगळे आहे.’ त्याखाली तक्त्यातून निघालेली सामायिक कृती लिहितो, उदाहरणार्थ पोषणद्रावणाची तीच तयारी किंवा तीच लाईन बदलण्याची पद्धत. हातांच्या नमुन्यांच्या रकान्यात क्रमांक असतात, नावे नसतात, आणि क्रमांकांची यादी माझ्या कपाटात कुलपात असते.